नाव ‘स्मोक ग्रे’, खातं निळ्याचं

मॉरिस मायनरचा ‘स्मोक ग्रे’ हा रंग कंपनीच्या दप्तरात राखाडी नव्हताच. तो निळ्यांत मोडत होता. मॉरिस बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) पद्धत अशी, की आधी रंगाच्या घराण्याची दोन अक्षरं आणि मग क्रमांक. जीआर म्हणजे राखाडी, जीएन हिरवा, बीयू निळा. त्या हिशेबानं ‘आमंड ग्रीन’ जीएन ३७, ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ डब्ल्यूटी ३ आणि आपला ‘स्मोक ग्रे’ बीयू १५. बंगळुरूत जे. सी. रोडला जुन्या गाड्यांचे पार्ट धुंडाळणारी हौशी मंडळी भेटली की रंगाचा विषय निघतोच, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. नाव ऐकून राखाडी डबा उचलला जातो, आणि गाडी रंगून बाहेर आली की कळत नाही, नेमकं काय चुकलंय.

नाव हे विक्रीखात्याचं काम, कृती कोडमध्ये असते. फोक्सवॅगन बीटलचा ‘पर्ल व्हाइट’ घ्या. कोड एल ८७. ‘पर्ल’ ऐकून आजचा पेंटर मोत्यासारखी झाक देणारा अभ्रकाचा रंग सुचवतो. पण साठच्या दशकातला हा ‘पर्ल’ म्हणजे साधा, सपाट, किंचित पिवळसर पांढरा. अभ्रकाचे चकाकते रंग मोटारींवर सर्रास दिसू लागले ते पुढे ऐंशीच्या दशकात. एल ८७ च्या बीटलवर आज असला रंग चढवणं म्हणजे पैठणीला टिकल्या लावणं.

‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ नावाचा एकच एक हिरवा आहे, ही समजूत त्याहून पक्की. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण ब्रिटनच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्यानं मनाई होती. यजमानांचा मान म्हणून ब्रिटनच्या नेपियर गाड्या हिरव्या रंगवल्या, असं सांगितलं जातं. पुढे हिरवा हा ब्रिटनचा शर्यतीचा रंग झाला. पण कुठला हिरवा, हे कुणी ठरवून दिलं नाही. प्रत्येक कंपनीनं आपापला हिरवा काढला. बीएमसीच्याच यादीत या एका नावाखाली जीएन २५ आणि जीएन २९ असे दोन कोड सापडतात. त्यामुळे ‘हा खरा रेसिंग ग्रीन नाही’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, तर कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या सालचा, एवढं विचारावं. बहुधा वाद तिथेच मिटतो.

फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, हेही अर्धसत्य. १९०८ मध्ये ती आली तेव्हा लाल, राखाडी, हिरवी अशीही मिळे. १९१४ ते १९२५ एवढाच काळ तिनं निव्वळ काळ्यात काढला, कारण तो स्वस्त आणि टिकाऊ पडे. तोवर ड्यूपाँटचा ‘ड्युको’ रंग बाजारात आला होता. १९२३ मध्ये ओकलंड कंपनीच्या निळ्या गाड्यांवर तो झळकला आणि रंगीत मोटारी झटपट वाळून बाहेर पडू लागल्या. आपल्याकडे सुतारसुद्धा कपाटाला ‘ड्युको मारू का?’ म्हणून विचारतो, ते याच डब्याचं नाव.

संस्थानिकांच्या रोल्स रॉइसचा ‘कंपनीचा मूळ रंग’ शोधणाऱ्यांना मात्र हात टेकावे लागतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स रॉइस चासी आणि इंजिन विकायची. वरची बॉडी बार्कर, हूपर, थ्रप अँड मॅबर्ली असे वेगळे कारखाने बांधायचे, आणि रंग ठरायचा गिऱ्हाइकाच्या मर्जीनं. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ ची ‘स्टार ऑफ इंडिया’ केशरी आहे ती अशीच, फर्माइशीनं. अशा गाडीचा मूळ रंग बॉडी बांधणाऱ्याच्या नोंदीत शोधायचा.

बाकीच्या गाड्यांचं काय? आरसी बुकावर विसंबू नये. तिथे ‘व्हाइट’, ‘ब्लू’ यापलीकडे फारसं काही नसतं. पेंटच्या दुकानातलं रंग वाचणारं यंत्रही दाखवाल तेवढंच वाचतं. उन्हानं विटलेल्या बॉनेटवर ते ठेवलं, तर विटलेला रंगच इमानेइतबारे जुळवून देतं. त्यापेक्षा डिकीचं रबर बीडिंग उपटावं, फ्लोअरचा गालिचा उचलावा, डॅशबोर्डमागे टॉर्च मारावा. जिथे ऊन आणि पॉलिश पोचलेलं नाही, तिथे बोटभर पट्टी तरी शाबूत असते. किंवा दाराच्या आतल्या कडेला पाण्यानं पॉलिश पेपर हलक्या हातानं गोल गोल घासावा. वर्तुळं उघडत जातात: वर अलीकडचा पांढरा, त्याखाली कुणा मधल्या मालकाचा मरून, मग सरफेसर, मग कंपनीचा रंग, शेवटी प्रायमर आणि पत्रा. मधल्या मालकाच्या मरूनलाच मूळ समजून थांबणारे पुष्कळ. रंग जुळवलेली पत्र्याची पट्टी आधी बाहेर उन्हात आणि मग गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली बघावी. रंगद्रव्यं वेगळी असतील, तर एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात फारकत घेतो.

मूळ रंग सापडला म्हणजे तो लावायला मोकळे, असंही नाही. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो, म्हणजे म्हैसूर राज्याच्या काळातली ‘एमवाय’ची पाटीही टिकते. पण जीपवाल्यांची अडचण त्यानं सुटत नाही. युद्धकाळातल्या विलिस जीपचा अस्सल रंग ‘ऑलिव्ह ड्रॅब’. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याखेरीज कुणाचंही वाहन ‘ऑलिव्ह ग्रीन’ रंगवता येणार नाही. आमचा ड्रॅब आहे, ग्रीन नव्हे, असा युक्तिवाद काही जण करतात. नियमात ना छटा दिली आहे ना कोड, तेव्हा निवाडा समोर उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरच्या डोळ्यांवर.