न दिसणाऱ्या किरणाची वाट

गणपतीच्या आधीचे दोन महिने मखरं कापणाऱ्या छोट्या लेझर यंत्रांना उसंत नसते. नेमकी याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ३ मिलिमीटरचं एमडीएफ एका कोपऱ्यात आरपार कापलं जातं, समोरच्या टोकाच्या कोपऱ्यात मात्र नुसती काळी रेघ उमटते. मग पॉवर वाढवली जाते, वेग कमी केला जातो. तेवढ्यानंही भागलं नाही की ‘ट्यूब गेली’ असं ठरवून नव्या ट्यूबची चौकशी सुरू होते. पण ट्यूब खरंच अशक्त झाली असती तर कट सगळीकडेच उथळ पडला असता. एका कोपऱ्यात जोर आहे आणि दुसऱ्यात नाही, याचा अर्थ बहुधा ट्यूबमधून नीट निघालेला प्रकाश वाटेत कुठेतरी वाया जातो आहे.

ज्या ट्यूबवर आपण इतक्या सहज ठपका ठेवतो, तिच्या जन्मकथेत महाराष्ट्र आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि स्टॅनफर्डमार्गे अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये गेले. त्यांचं हे काम १९६४ साली प्रसिद्ध झालं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून निघणारा किरण क्षीण होता. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर चित्र पालटलं. विजेच्या झोतानं नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात, आणि त्यांची ही ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या एका कंपनाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्यामुळे टक्कर होताच ती ऊर्जा त्याच्या हवाली होते. हेलियम मिसळला की वायू थंड राहतो आणि प्रकाश देऊन झालेले रेणू लवकर पुन्हा तयार होतात. या छोट्या यंत्रांतल्या काचेच्या ट्यूबमध्ये आजही हेच तीन वायू असतात.

यातून निघणाऱ्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. तो डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या काचेतून पलीकडे जात नाही. म्हणून यंत्रातली लेन्स काचेची नसून झिंक सेलेनाइडची असते, पिवळट-नारिंगी रंगाची. झाकणाचं पारदर्शक अक्रिलिक हा किरण अडवतं, पण झाकण उघडं असेल तर तो डोळ्याच्या बुबुळावरचं पारदर्शक पटल क्षणात भाजू शकतो. झाकण उघडताच किरण बंद करणारा स्विच अनेक स्वस्त यंत्रांत नसतो. तो आधी बसवून घ्यावा, बाकी सगळं नंतर.

किरणाची वाट अशी: ट्यूबसमोर पक्का बसवलेला पहिला आरसा, मागे-पुढे सरकणाऱ्या आडव्या पट्टीवर दुसरा, आणि पट्टीवर डावी-उजवीकडे धावणाऱ्या हेडमध्ये तिसरा. तिथून किरण खाली वळतो आणि लेन्समधून मालावर पडतो. म्हणजे हेड जागा बदलेल तशी किरणाच्या वाटेची लांबीही बदलते. सगळी मेख इथेच आहे. लहानपणी आरशानं भिंतीवर कवडसा पाडताना मनगट जरासं हललं तरी कवडसा भिंतभर पळायचा. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट कोनात किरण वळतो. पहिला आरसा ०.१ अंशानं चुकला तर किरण ०.२ अंशानं चुकतो आणि एक मीटर अंतरावर साडेतीन मिलिमीटर बाजूला पडतो. लहान यंत्रांतली लेन्स जेमतेम १२ मिलिमीटर व्यासाची असते. जवळच्या कोपऱ्यात ही चूक खपून जाते. दूरच्या कोपऱ्यात निम्मा किरण लेन्सच्या कडेला किंवा हेडच्या धातूवर आदळतो.

न दिसणारा किरण तपासायचा कसा? त्यासाठी मास्किंग टेपच्या तुकड्याइतकं चांगलं उपकरण माझ्या माहितीत नाही. दुसऱ्या आरशाच्या तोंडावर टेप लावायची, पट्टी पहिल्या आरशाजवळ आणायची, झाकण बंद करून अगदी कमी पॉवरवर क्षणभर ‘टेस्ट’ दाबायचं. टेपवर तपकिरी कडेचा एक ठिपका जळतो. मग पट्टी लांब नेऊन त्याच टेपवर दुसरा ठिपका. दोन्ही एकावर एक पडले तर किरण रुळाला समांतर आहे. वेगळे पडले तर पहिल्या आरशामागचे स्क्रू किंचित फिरवून लांबचा ठिपका जवळच्या ठिपक्यावर आणायचा. स्क्रूची लॉक नट आवळतानाही आरसा थोडा हलतो, म्हणून नट आवळल्यावर पुन्हा एकदा ठिपका पाडायचा. ठिपक्याचा आकारही बोलतो: गोल असेल तर ठीक, अर्धचंद्रासारखा असेल तर किरण वाटेत कशावर तरी घासतो आहे.

इथे बहुतेक जण एक घाई करतात. ठिपका आरशाच्या मधोमध आला नाही की स्क्रू पिळून तो मध्यभागी ढकलतात, आणि किरण पुन्हा तिरका होतो. स्क्रू किरणाची दिशा सुधारण्यासाठी असतात. ठिपके जुळूनही मध्यापासून बाजूला पडत असतील तर ट्यूबची उंची किंवा आरशाचा स्टँड सरकवावा लागतो. आधी समांतर, मग मध्य, हा क्रम सोडला तर दिवस वाया जातो. दुसऱ्या आरशासाठीही हीच पद्धत, फक्त हेड बेडच्या चारही कोपऱ्यांत नेऊन. शेवटी किरण लेन्समधून सरळ खाली उतरतो का, ते पाहायचं. जाड अक्रिलिकची कापलेली कड तिरपी दिसत असेल तर तो सरळ उतरत नाही.

आता फोकस. या यंत्रांत सर्रास ५०.८ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स असते. पाच मिलिमीटर जाडीचा किरण तिच्यातून गेला की सुमारे ०.१४ मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटतो, आणि त्याच्या वर-खाली एक-सव्वा मिलिमीटरच्या पट्ट्यातच तो नीट कापतो. एमडीएफ पावसाळी हवेनं फुगून वाकलं किंवा बेड एका बाजूला खचला, तरी एकाच कोपऱ्यात कट न पडण्याची तीच तक्रार उभी राहते. नेमका फोकस शोधायला तिरप्या ठेवलेल्या लाकडी पट्टीवर एक लांब रेघ कापावी. ती जिथे सर्वांत बारीक उमटेल तिथे फोकस.

धूळ आणि धुराचं किटण गुपचूप नुकसान करतं. तीन आरसे आणि एक लेन्स, प्रत्येक ठिकाणी फक्त ५ टक्के प्रकाश गेला तरी मालावर ८१ टक्केच पोहोचतो. गेलेला प्रकाश त्या किटणात उष्णता होऊन बसतो, त्यानं आरशाचा लेप जळतो आणि लेन्स तडकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच, न घासता फिरवावा, आणि तोही आरसे जुळवण्याच्या आधी. तडकलेल्या लेन्सचे तुकडे उघड्या हातानं उचलू नयेत, झिंक सेलेनाइड विषारी आहे.

ट्यूब थंड ठेवणारं पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार वीज वाहून नेतात, आणि ट्यूबला हजारो व्होल्ट दिलेले असतात. हाच विद्युतभार यंत्र बंद केल्यावरही काही वेळ साठून राहतो. पाणी मात्र हवं तितकं गार करू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर सुमारे २५ अंशालाच दव धरतं. अशा वेळी पाणी थंड करणारा चिलर २० अंशावर लावला तर ट्यूबवर आणि तिच्या किरण सोडणाऱ्या टोकावर पाणी साचतं. चिलर २६-२७ अंशावर ठेवावा. पॉवर थोडी कमी मिळते, पण ट्यूब वाचते.

आरसे आणि लेन्स मारणारी आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहज यंत्रात जाते: सनबोर्ड, फ्लेक्स, रेक्झिन. यांत बहुधा पीव्हीसी असतं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, दमट हवेत त्याचं आम्ल होतं. हे आम्ल रुळांना गंज चढवतं, लेन्सचा लेप खातं, आणि आपल्या फुप्फुसांनाही सोडत नाही. माल कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार तापवून मालाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, आणि तो तुकडा यंत्रात घालायचा नाही.