घुमा स्वभाव की स्वमग्नता?

"आमचे हे पंगतीत बसत नाहीत, ठरलेलंच ताट लागते, आडून बोललेलं कळत नाही," असं गटात कोणी ना कोणी सांगते. अशा माणसाला लोक घुमा म्हणतात, गर्विष्ठ म्हणतात. पण लहानपणापासून असंच असेल, तर ती स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असू शकते. ते वेड नाही, बाहेरची बाधा नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. माणूस अचानक गप्प झाला असेल, तर कारण दुसरं, डॉक्टरांना दाखवा.

मग नवऱ्याला सांगायचं कसं? भांडणात तर नाहीच. वावरातून आले, चहा झाला, की विचारा, "पोळ्याच्या गर्दीचा, वाजंत्रीचा त्रास होते का? कशानं बरं वाटते?" आधी ऐका. मग म्हणा, "असं पुष्कळांना असते, त्याला नाव आहे." विचार करायला वेळ द्या. शिक्का आपण मारायचा नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर दोघं मिळून आधी बोलू शकता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नताही आहे.

तोवर बोलणं सरळ ठेवा. "मीठ संपलं" याऐवजी "बाजारातून एक किलो मीठ आणा" म्हणा. मारहाण मात्र कोणत्याही नावाखाली सोसायची नाही.

नाव कळलं की माणूस बदलत नाही, पण दोघांचाही जीव हलका होते.