सायकल काढून घेण्याआधी टायर पाहा
साठीनंतर पावसाळी वाटेने लांब निघणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

वडील सायकलवरून घसरले की घरात बहुधा एकच निर्णय होतो : सायकल बंद. किल्ली मुलाच्या खिशात जाते, सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि हळूहळू वडिलांचे बाहेर जाणेही कमी होते. निर्णय काळजीपोटीच घेतलेला असतो. परंतु घसरलेल्या सायकलीचे टायर मात्र कुणी पाहिलेले नसतात. झिजून गुळगुळीत झालेला पुढचा टायर, दगडासारखी ठासून भरलेली हवा, मडगार्डमध्ये दाटलेला चिखल, यांपैकी एखादे कारण पुष्कळदा तेथेच सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल व ताकद वाढवणाऱ्या हालचाली सुचवल्या आहेत. सायकलने यातील मोठा भाग साधतो आणि गुडघ्यांवर शरीराचा सगळा भारही येत नाही. दुसरीकडे, हाडे ठिसूळ झालेल्या वयात कुशीवर पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो, आणि त्यापाठोपाठ शस्त्रक्रिया व परावलंबन येऊ शकते. म्हणून ज्येष्ठांच्या सायकलीचा टायर हा वेगाचा नव्हे, आरोग्याचा विषय आहे.

एक प्रवास, अनेक प्रकारची भुई

उदाहरणादाखल बीड जिल्ह्यातील तेलगाव घेऊ. हे चौफुलीचे गाव. एक रस्ता माजलगावला, दुसरा धारूरला, तिसरा वडवणीवरून बीडला आणि चौथा सिरसाळ्यावरून परळीला जातो. श्रावणात परळीच्या वैद्यनाथाला सायकलने जावे असे येथील एखाद्या ज्येष्ठाच्या मनात आले, तर शेतातल्या वस्तीपासून मुक्कामापर्यंत त्याच्या चाकाखाली पाणंदीची काळी माती, मुरूम, उघडी पडलेली खडी आणि डांबर वा सिमेंट असे सारे येते. धारूरकडे वळल्यास बालाघाटाचा घाट वेगळाच. सिंदफणेच्या बाजूला जमीन काळी आणि खोल, तर डोंगराकडे ती उथळ व मुरमाड होत जाते. या सगळ्यांना पुरून उरणारा टायर नसतो. आपण ज्या भुईवर पडण्याची शक्यता अधिक, तिचा विचार करून निवड करावी.

रुंदी आणि मोकळीक

टायरच्या कडेला ४०-६३५ यासारखे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. गावोगावी दिसणाऱ्या उंच काळ्या सायकलीचा २८ × १½ मापाचा टायर हाच ४०-६३५. त्या रिमवर याहून फार रुंद टायर सहसा मिळत नाही. २६ इंची रुंद चाकाच्या सायकलीला (व्यास ५५९) ५० मिलिमीटरच्या आसपासचा टायर बसतो. खडी, मुरूम आणि ओल्या मातीच्या लांब प्रवासाला ४० ते ५० मिलिमीटर रुंदी ज्येष्ठांना मानवते. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते. त्यामुळे हादरे कमी बसतात आणि मनगटे, मान व कंबर कमी दुखतात.

रुंदीइतकीच मोकळीक महत्त्वाची. टायर आणि मडगार्ड किंवा चिमटा यांच्यामध्ये बोट सहज फिरले पाहिजे. तेथे फट नसेल, तर काळी माती थरावर थर चढून चाक अडवते. पुढचे चाक अचानक अडले, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

नक्षी कशी असावी

मोठ्या, विरळ ठोकळ्यांचा टायर मऊ चिखलात रुततो आणि पकड देतो. पण ओल्या डांबरावर वळताना तेच ठोकळे दबून डळमळतात आणि प्रवास दमवणारा होतो. डांबर जास्त आणि पाणंद थोडी असेल, तर मधोमध बुटकी, दाट नक्षी आणि दोन्ही कडांना थोडे उंच ठोकळे असा टायर घ्यावा. ओल्या डांबरावर सायकलीच्या वेगाला पकड मुख्यतः रबराच्या मऊपणावर आणि हवेच्या प्रमाणावर अवलंबून असते, खोल नक्षीवर नव्हे. म्हणून वाळून कडक झालेला, कडेला चिरा पडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा.

मागचा टायर लवकर झिजतो, त्यामुळे नवा टायर मागे टाकण्याची पद्धत आहे. चिखलवाटेसाठी नवा टायर पुढे घालावा आणि पुढचा चांगला टायर मागे न्यावा. मागचे चाक घसरले तर पाय टेकून सावरायला थोडा अवधी मिळतो. पुढचे घसरले की तो बहुधा मिळत नाही.

हवा : फुकटातली सुधारणा

दुकानात हवा अनेकदा गच्च भरून मिळते. असा टायर खडीवर उड्या मारतो आणि ओलीत निसटतो. ६० ते ६५ किलो वजनाच्या व्यक्तीने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ४० ते ४५ आणि मागे ४५ ते ५० पौंड, तर ५० मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ३० ते ३५ आणि मागे ३५ ते ४० पौंड हवेपासून सुरुवात करावी. टायरवर छापलेल्या मर्यादा मात्र ओलांडू नयेत. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर दाबमापक नीट लागत नाही. तेथे अंगठ्याने जोरात दाबून पाहावे : टायर किंचित दबावा. बसल्यावर रिम जमिनीला लागेल इतकी हवा कमी नसावी, नाहीतर खड्ड्यात ट्यूब चेपून पंक्चर होते.

बाभळीचा काटा आणि सराटा हे या भागातले नेहमीचे शत्रू. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी घालून घ्यावी. एक जादा ट्यूब व पंप जवळ असावा आणि चाक काढण्याचा सराव घरीच करावा.

वाफसा येईपर्यंत थांबा

पाऊस नुकताच पडून गेलेल्या काळ्या मातीत कोणताही टायर चालत नाही. ही माती पाण्याने फुगते, चाकाला चिकटते आणि नक्षीच्या खाचा बुजवून टाकते. पेरणीसाठी शेतकरी वाफशाची वाट पाहतो, तशीच सायकलस्वारानेही पाहावी. थांबणे शक्य नसेल तर उतरून चालावे किंवा लांबच्या पक्क्या रस्त्याने जावे. सिमेंटच्या रस्त्याची कड आणि साइडपट्टी यांमधील उंचवटा तिरपा घेऊ नये. उतरून सायकल वर घ्यावी. पावसात ब्रेक उशिरा लागतात, चकचकीत लोखंडी रिमवर तर फारच उशिरा. त्यामुळे घाटाचा ओला उतार ज्येष्ठांनी पायीच उतरावा.

घरच्यांनी काय पाहावे

निघण्यापूर्वी पुढील गोष्टी एकत्र बसून तपासाव्यात :

• रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का? असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब जाऊ नये. हेल्मेट सर्वांनीच घालावे. डोक्याला मार लागल्यास वरून जखम दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे.

• रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना भोवळ येते का? येत असेल तर डॉक्टरांना सांगावे आणि ती थांबेपर्यंत सायकल बाजूला ठेवावी.

• मधुमेह असल्यास बंद बूट, जादा मोजे आणि खाऊ जवळ असावा. पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही. मुक्कामी तळवे नीट पाहावेत.

• चिखलात खरचटल्यास स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत विचारावे.

• सीट इतकी खाली असावी की थांबताना पाय जमिनीला टेकेल. दांडीवरून पाय टाकणे जड जात असेल, तर बुटक्या दांडीची सायकल घ्यावी.

• सोबतीला कुणी असावे. मोबाइल पूर्ण भरलेला असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

नवे टायर बसवल्यावर थेट परळीचा पल्ला गाठू नये. आठवडाभर गावाजवळच्या कोरड्या व ओल्या वाटेवर रोज अर्धा तास सायकल चालवून पाहावी. हवा थोडी कमी-अधिक करून स्वतःला मानवणारे प्रमाण टिपून ठेवावे. पहिल्या दिवशी मुलाने किंवा सुनेने बरोबर जावे आणि वळणावर, ब्रेक लावताना, उतरताना तोल कसा राहतो ते पाहावे. सायकल चालू ठेवायची की नाही, हे त्यानंतर वडिलांसोबत बसून ठरवावे.