नाण्यावर दुहेरी आकडे दिसले तर...

वर्तकनगरच्या नाक्यावर भाजी घेताना सुट्ट्या पैशांत दोन रुपयांचं एक नाणं येतं. सालाच्या आकड्यांना जणू सावली पडलेली असते. मोबाइलवर शोधलं की अशा नाण्यांच्या लाखांतल्या किमती दिसतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्या नाण्याची किंमत दोन रुपयेच असते.

हे समजण्यासाठी टांकसाळीतलं काम पाहायला हवं. नाणं उमटवणाऱ्या पोलादी ठशात अक्षरं खोलगट असतात. ती एका उठावदार मूळ ठशाच्या प्रचंड दाबाने तयार होतात. पूर्वी हा दाब एकाहून अधिक वेळा द्यावा लागे. दुसऱ्या वेळी मूळ ठसा किंचित फिरला, तर ठशातच दोन प्रतिमा उमटतात आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण दिसतं. अमेरिकेचं १९५५ चं एक सेंटचं नाणं याचं प्रसिद्ध उदाहरण. संग्राहक किंमत देतात ती अशा नाण्यांना.

फसव्या प्रकारात ठसा निर्दोष असतो. यंत्रात तो सैल बसला, तर नाणं उमटताना जरासा सरकतो आणि नुकतीच उठलेली अक्षरं एका बाजूने चेपतो. ठसा झिजला तरी अक्षरांच्या कडा धूसर होऊन दुहेरी भासतात.

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रकाश तिरका पाडा. खऱ्या प्रकारात दोन्ही प्रतिमा उठावदार असतात, अक्षर नेहमीपेक्षा रुंद दिसतं आणि त्याच्या टोकांशी स्पष्ट खाच असते. फसव्या प्रकारात अक्षराला लागून पायरीसारखी सपाट, चकचकीत पट्टी दिसते. मूळ अक्षर उलट बारीक झालेलं असतं. त्याच सालाचं दुसरं नाणं शेजारी ठेवलं की फरक लवकर कळतो. सालाखालचा छोटा हिरा हा मात्र दोष नव्हे, ती मुंबई टांकसाळीची खूण आहे. नाणं घासूनपुसून चकचकीत करू नये. त्याने खऱ्या नाण्याचंही मोल घटतं.

जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागितलं जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही. तेव्हा ‘नाणं विकत घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला, तर भिंग काढायचीही गरज नाही. फोन ठेवून द्यावा.