वादळापूर्वीची ओळख

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व मंडणगड तालुक्यांतील बागा झोडपल्या. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. उन्मळून कलंडलेले आंब्याचे कलम, काही मुळे मातीत शाबूत असल्यास, पुन्हा उभे करता येते. फांद्या छाटाव्या, तुटकी मुळे साफ कापावी, कापांवर बोर्डो मलम लावावे, मातीची भर घालून भक्कम टेकू द्यावा. मात्र उघडी मुळे सुकण्यापूर्वी हे व्हावयास हवे. आणि कोणते झाड राखावे, हे ठरविण्यास जाणती नजर लागते. दापोलीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. परंतु ज्या बागायतदाराने तेथील उंबरठा कधी ओलांडला नाही, त्याने अशा दिवशी कोणाचे दार ठोठवावे?

ग्राम-कार्यकर्त्याने त्यास मोहोराच्या दिवसांतच तेथे न्यावे. तुडतुडे लागलेला मोहोर दाखवावा, सल्ला घ्यावा, आणि फवारणीचा परिणाम, मग तो वाईट का असेना, परत जाऊन सांगावा. हेच बहुधा राहून जाते. वास्तविक शास्त्रज्ञासही बागेतील खबर हवी असते. पीक उत्तम आले तरीही भेटीस जावे; आंब्याची पेटी नेलीच पाहिजे असे नाही.

करवत चालविणाऱ्या गड्याचे घर कोणत्या वाडीत आहे, हेही पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावे. दूरध्वनी बंद असता तेथे पायीच जावे लागते.