पांढरं जातंय? अंगावर काढू नका!

• गर्भाशयमुखाच्या आजाराची लक्षणे : अंगावरून सतत पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव.
• उपचार : गर्भाशयमुखाची सूज जंतूंमुळे असेल, तर औषधाने बरी होते, गरजेनुसार नवऱ्यालाही औषध. एचपीव्ही विषाणूवर औषध नाही. बहुतेकींचा संसर्ग दोनेक वर्षांत आपसूक जातो. टिकला तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका.
• व्हाया चाचणी (हा धोका वेळीच ओळखण्यासाठी) : गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला, तर पुढची तपासणी. वय ३० ते ६५, दर ५ वर्षांनी.
• कुठे विचाराल? : जळगाव व धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील स्त्रीरोग विभागात.
• पुरावा : धाराशिव जिल्ह्यातील अभ्यासात (२००९) एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (ही व्हायाहून वेगळी, विषाणू शोधणारी) या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.