मोकळ्या प्याद्याचा हिशेब

बुद्धिबळाचा डाव संपत आला, पटावर दोन राजे आणि मोजकी प्यादी उरली, की प्याद्याची किंमत एकदम वाढते. आठव्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो आणि एक वजीर डाव जिंकायला बहुधा पुरतो. ज्या प्याद्याच्या वाटेवर, त्याच्या स्वतःच्या किंवा शेजारच्या उभ्या पट्ट्यांत, प्रतिपक्षाचे एकही प्यादे नाही, त्याला आपण ‘मोकळे प्यादे’ म्हणू. अशा प्याद्याने डाव कसा जिंकावा, हे चांगल्या खेळाडूला ‘सुचते’ असे आपण म्हणतो. पण या सुचण्यामागे एक पद्धत असते, आणि ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला शिकवता येते. पद्धत अशी की शेवटच्या घरापासून सुरुवात करायची आणि मागे मागे यायचे.

शक्य असेल तर पट समोर मांडूनच पुढचे वाचावे. उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी नावे देऊ. आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे क्रमांक देऊ.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. पांढऱ्याचे एकटे प्यादे अ४ वर आहे, पांढरा राजा दूर ह१ वर आहे आणि खेळी पांढऱ्याची आहे. काळा राजा इ४ वर असेल तर तो प्यादे पकडेल का? खेळ्या मोजत बसण्याची गरज नाही. प्याद्याला अ८ गाठायला ४ खेळ्या लागतात. म्हणून अ४, अ८, इ८ आणि इ४ हे कोपरे असलेला चौरस मनात काढावा. खेळी प्याद्याची असताना काळा राजा या चौरसात असेल तर तो प्यादे पकडतो, बाहेर असेल तर नाही. राजा इ४ वर असेल तर डाव बरोबरीत सुटतो. तोच राजा एक घर उजवीकडे, फ४ वर, असेल तर वजीर होतो. (प्यादे दुसऱ्या रांगेत असेल तर पहिल्या खेळीत ते दोन घरे जाऊ शकते, म्हणून ते तिसऱ्या रांगेत आहे असे धरावे.)

येथे चौरसच का? पट्टी घेऊन मोजले तर इ४ ते अ८ हे तिरके अंतर इ८ ते अ८ या आडव्या अंतराच्या सुमारे १.४ पट भरते. राजाला मात्र दोन्हीकडे ४ खेळ्याच लागतात, कारण तिरक्या खेळीत तो एक रांग आणि एक पट्टी एकाच वेळी ओलांडतो. म्हणजे राजाचे अंतर पायथागोरसच्या नियमाने मोजले जात नाही. रांगांतला फरक आणि पट्ट्यांतला फरक यांपैकी जो मोठा, तेच त्याचे अंतर. अंतर मोजण्याच्या अनेक रीती असू शकतात, ही गोष्ट वर्गात सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

आता मोकळे प्यादे तयार नसेल तर ते कसे घडवायचे ते पाहू. पांढरी प्यादी अ५, ब५, क५ वर. काळी प्यादी अ७, ब७, क७ वर. पांढरा राजा ग२, काळा राजा ग४. खेळी पांढऱ्याची. प्यादी तीनास तीन आहेत आणि एकही मोकळे नाही. डाव बरोबरीचा दिसतो. पण शेवटाकडून विचार करा. काळ्या राजाला डावीकडच्या पट्ट्यांपर्यंत यायला वेळ नाही, म्हणून पांढऱ्याचे एकच प्यादे सुटले तरी पुरे. बाकीची दोन गेली तरी चालतील. म्हणजे आता प्यादी मोजायची नाहीत, वाट मोकळी करायची आहे.

पांढरा ब६ खेळतो. काळ्याने अ७ वरच्या प्याद्याने ते मारले, तर पांढरा क६ खेळतो. ब७ वरच्या प्याद्याने क६ मारले की अ पट्टी साफ झाली. पांढरा अ६, अ७, अ८ असा जाऊन वजीर करतो. काळ्याने सुरुवातीला क७ वरच्या प्याद्याने मारले, तर हाच डाव आरशातल्यासारखा उलटा होतो. पांढरा अ६ खेळतो, ब७ वरचे प्यादे ते मारते आणि क५ वरचे प्यादे सुटते. काळ्याने मारलेच नाही, तर पांढरे प्यादे स्वतः मारून पुढे जाते. पांढऱ्याने २ प्यादी दिली, काळ्याची तिन्ही शाबूत राहिली, तरी डाव पांढऱ्याचा. खेळी काळ्याची असती तर त्याने आधीच ब६ खेळून हा बेत मोडला असता. सारा निकाल एका खेळीवर अवलंबून आहे.

तिसरे उदाहरण इतिहासातले आहे. १८७५ साली लंडनमध्ये फेंटन आणि पॉटर यांचा एक डाव बरोबरीत सुटला. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर चालवणाऱ्या बार्बिए यांनी त्या डावाच्या आठवणीवरून एक कोडे दिले. काळा बरोबरी साधतो, असे त्याचे उत्तर होते. आज रूढ असलेली मांडणी अशी: पांढरा राजा ब६, प्यादे क६, काळा राजा अ१, हत्ती ड५, खेळी पांढऱ्याची. पांढरा क७ खेळतो. काळा हत्ती ड६ वरून शह देतो आणि मग ड पट्टीवरून शह देत खाली येतो. पांढरा राजा ब५, ब४, ब३ असा उतरत क२ वर येतो. आता शह संपले. काळा हत्ती ड४ वर जातो, आणि यातच सापळा आहे. पांढऱ्याने क८ वर वजीर केला तर हत्ती क४ वर शह देतो. वजिराने हत्ती मारला की काळ्या राजाला शह नाही आणि त्याला हलायला घरही नाही. डाव बरोबरीत.

हे उत्तर सर्वांनी मान्य केले असते. पण ग्लासगोत राहणाऱ्या साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने एक गोष्ट तपासली. प्याद्याचा वजीरच का करायचा? क८ वर हत्ती केला तर? क४ वर हत्तीने हत्ती मारल्यावर अ२ हे घर काळ्या राजाला मोकळे राहते, म्हणून कोंडी होत नाही. शिवाय अ८ वरून मात करण्याची धमकी आहे. ती टाळायला काळ्याला हत्ती अ४ वर आणावा लागतो. मग पांढरा राजा ब३ वर येतो. हत्तीही मारात आणि क१ वर मातही समोर. दोन्ही टाळणे अशक्य! साव्हेद्रा काही नामांकित खेळाडू नव्हते. या एका खेळीमुळे त्यांचे नाव राहिले.

आज अशा स्थितींची उत्तरे यंत्रे देतात. २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर ७ मोहऱ्यांपर्यंतच्या अंतिम स्थितींची कोष्टके पूर्ण झाली. तीही उलट्या क्रमानेच तयार होतात. आधी मात झालेल्या स्थिती, मग त्यांच्या एक खेळी अलीकडच्या, असे मागे येत. साव्हेद्रांची ४ मोहऱ्यांची स्थिती त्यांत सहज सापडते. वरच्या तीन-तीन प्याद्यांच्या स्थितीत मात्र राजे धरून ८ मोहरी होतात, ती त्या कोष्टकांत नाही. तरीही विद्यार्थी तिचा निकाल दोन फांद्या तपासून सिद्ध करू शकतो. कोष्टक निकाल सांगते. तो तसाच का, हे आपल्याला शोधावे लागते.

वर्गात या तिन्ही स्थिती मांडाव्यात, पण उत्तर लगेच सांगू नये. विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. शेवटी काय घडायला हवे? त्यासाठी किती खेळ्या आहेत? आणि आपण न तपासता काय गृहीत धरले आहे? पहिल्या स्थितीत तिरकी वाट लांबची हे गृहीत असते, दुसरीत प्यादे गमावणे म्हणजे नुकसान, तिसरीत वजीर नेहमी हत्तीपेक्षा चांगला. हा तिसरा प्रश्न विचारायची सवय लागली, तर ती बुद्धिबळाच्या तासापुरती राहणार नाही.